मंडळी आतच असतात

माझ्या मावशीला आमच्या गावात तंबूबाई म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, बाई कधीकाळी सर्कशीत कामाला असावी. जुनी माणसं गालातल्या गालात हसतात आणि खुलासा करत नाहीत. तो मी करते, कारण त्या हसण्याचा मला आता वीट आला आहे.

मावशी नगरपालिकेच्या उद्यान विभागात झाडं छाटायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मी शिकायला म्हणून तिच्याकडे आले आणि शिक्षण संपलं तरी राहिलेच. तिच्या दोन खोल्यांत दाराशी कायम एक बादली असे आणि खिडकीत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली कात्री. त्या कात्रीला हात लावलेला तिला चालत नसे. मी एकदा त्या कात्रीनं पार्सलची दोरी कापली, तर बाईनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. मैत्रिणी म्हणाल तर एकच, आणि तीही दरवर्षी पाहुण्यासारखी येणारी.

छाटणीसाठी मावशीकडे ओढ्याकाठची झाडं होती. रानचेरी आणि रानसफरचंदाची लांबलचक रांग, कुणी कधी लावली ते कुणालाच आठवत नाही. ओढ्याच्या पलीकडे काचेच्या गॅलऱ्यांची नवी वसाहत. अलीकडे, झाडांच्या मागे, मोकळा तुकडा. थंडी ओसरायला लागली की त्या तुकड्यावर टोपल्या विणणारी माणसं येऊन तंबू ठोकत, कारण ओढ्याला वाळुंज भरपूर आणि वाळुंजाच्या कोवळ्या फोकांशिवाय टोपली होत नाही. उन्हाळा तापला की ती निघून जात. वसाहत व्हायच्या कितीतरी आधीपासून हे चाललं होतं.

आता दुसऱ्या तंबूंचं सांगते. रानचेरीवर एक अळी पडते, केसाळ, पाठीवर पांढरी रेघ आणि बगलेला निळसर ठिपके. ही अळी एकटी राहत नाही. एका आईची सगळी पोरं मिळून फांदीच्या बेचक्यात रेशमाचा तंबू बांधतात, बहुतेक सकाळचं ऊन लागेल अशा बाजूला. बाहेर गारठा असला तरी उन्हानं तो तंबू आतून उबदार होतो. अळ्या वाढतील तसा त्यावर थरावर थर चढतो, आणि त्यांनी टाकलेल्या जुन्या काती आतच पडून राहतात. चरायला बाहेर पडताना प्रत्येक अळी मागे धागा सोडत जाते. जिला चांगली पालवी सापडते ती परतताना त्या धाग्यावर आपला वास ठेवते, आणि बाकीच्या तो हुंगत नेमक्या त्याच फांदीवर जाऊन पोचतात.

हे सगळं मला मावशीनं झाडाखाली उभं करून दाखवलं. अळीला अळी म्हणायची तिची पद्धत नव्हती. ती 'मंडळी' म्हणायची. "मंडळी उठली नाहीत अजून." "मंडळी जेवायला बाहेर पडली." "या फांदीवरच्या मंडळींना माशी लागली बघ." म्हणजे एक प्रकारची माशी अळीच्या अंगावर पांढरं अंडं चिकटवते आणि आतून तिचा फडशा पाडते. विभागातली इतर माणसं नुसतं 'तंबू' म्हणत. तंबू काढायचे, तंबू राहिले, तंबू फार झाले. उद्यान विभागात तंबू म्हटलं की दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येतच नसे.

टोपलीवाली ही तिची ती एकमेव मैत्रीण. दोघी एकाच वयाच्या. मावशी छाटलेले फोक जुड्या बांधून तिच्या तंबूशी नेऊन टाकायची आणि ती मावशीला जुन्या टोपल्यांची बुडं बदलून द्यायची. टोपलीवालीकडे फोक चिरायची एक आखूड सुरी होती. तिच्या मुठीला टोपलीवालीच्या आईनं निळं कापड गुंडाळलेलं होतं आणि ते आता काळं पडलं होतं. टोपलीवालीचा नवरा दम्याचा, तंबूच्या दाराशी शेकत बसलेला असे, आणि मावशी त्याला दादा म्हणे.

या दोघींचं बोलणं ऐकावं असं होतं.

"काय गं कात्रे, आज कुठल्या कुठल्या झाडाचं नाक कापलंस?"

"तुझं राहिलंय, टोपले. खाली वाक जरा."

कात्रे आणि टोपले. मावशीला 'गं' म्हणणारं या जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. आम्ही भाचरं 'अगं मावशी' म्हणतो ते वेगळं, ते लाडाचं. बरोबरीनं 'गं' म्हणणारी ती एकटीच. वर्षभर घरात मख्ख असलेली माझी मावशी वाळुंजाला पालवी फुटायच्या सुमाराला उगीचच ओढ्याकडे चक्कर मारून यायची आणि 'आले का' असं मी विचारलं की खोटं बोलायची, "मी झाडं बघायला गेले होते."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मंडळींना ऊत आला होता. असं मधूनच होतं. दोनतीन वर्षं अळ्या बेसुमार वाढतात, मग त्यांच्यातच रोग पसरतो, मेलेल्या अळ्या फांदीवर चिंध्यांसारख्या लोंबतात आणि पुढच्या वर्षी औषधालाही तंबू सापडत नाही. झाड मरत नाही. पानं खाल्ली तरी उन्हाळ्यात पुन्हा फुटतं. पण वसाहतीतल्या लोकांना झाडाशी काय देणंघेणं! त्यांच्या गाड्यांवर अळ्यांची विष्ठा पडत होती. त्यांना जाळ्यांनी भरलेली झाडं घाण वाटत होती आणि झाडांमागून येणारा धूर त्याहून घाण वाटत होता. वसाहतीचे अध्यक्ष रोज नगरपालिकेत फोन करत, आणि दोन्ही तक्रारी एकाच दमात सांगत.

नगरपालिकेत तेव्हा नवे साहेब आले होते. खर्चाला कात्री लावायची म्हणून उद्यान आणि अतिक्रमण हे दोन्ही विभाग त्यांच्याच हाताखाली दिलेले. त्यांचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती आणि मावशी भांडी घासत होती. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या तोंडाशी धरला. त्यामुळे पुढचं मी काही ऐकीव सांगत नाही.

"बाई, ओढ्याकाठच्या तंबूंबद्दल फार बोंबाबोंब चाललीय," साहेब म्हणाले. "तुम्ही तिथल्या माहीतगार. काय करायचं सांगा."

इतक्या वर्षांत कुठल्याच साहेबानं मावशीला काय करायचं असं विचारलं नव्हतं. काय केलं नाहीस एवढंच विचारत. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साबणाचे हात तसेच धरून ती ताठ उभी राहिली आणि ठेवणीतल्या आवाजात सांगू लागली.

"साहेब, सकाळी जायचं. ऊन चढायच्या आत. गारठ्यात मंडळी आतच असतात, एकमेकांना बिलगून. हलत नाहीत. तेव्हा गेलं की एका झटक्यात काम होतं."

"आणि उशीर झाला तर?"

"मग मंडळी बाहेर पडतात, पांगतात. मग बसा एकेक शोधत."

"तंबू पूर्ण काढायचा?"

"पूर्ण. अर्धा ठेवला तर परत त्यातच येतात. जाळायचं मात्र नाही हां, साहेब. जाळायला माझा विरोध आहे."

"जाळतंय कोण, बाई! आपण काय राक्षस आहोत?" साहेब मोकळं हसले.

"आणि माणसांना हातमोजे द्या. अंगाला लागलं की खाज सुटते."

फोनमध्ये क्षणभर काही ऐकू आलं नाही.

"हातमोजे," साहेब म्हणाले. "बरं. अजून काही?"

"एकही ठेवायचा नाही. एक राहिला तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला दोन माणसं दिलीत तर—"

"माणसांचं माझ्यावर सोडा. शाब्बास, बाई. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून नगरपालिका चालते."

मावशीनं उरलेली भांडी गाणं गुणगुणत घासली. मावशी आणि गाणं! मी चेष्टाही केली तिची, म्हटलं, आता तुलाच साहेब करतील. "करतील तर करतील," ती म्हणाली, "निदान झाडं तरी नीट राहतील."

सकाळी आम्ही दोघी निघालो. तिची पद्धत ठरलेली होती. काठीच्या टोकाला खिळे ठोकलेले असत. काठी तंबूत खुपसून गरागरा फिरवली की सगळं रेशीम मंडळींसकट काठीला गुंडाळलं जाई, आणि ते साबणाच्या पाण्यात बुडवायचं. बादली मी धरली होती. ओढ्याच्या वळणावर आलो तेव्हा ट्रक दिसला.

झाडांवरचे तंबू जागच्या जागी होते. धुक्यात पांढरे, गच्च भरलेले, आतली मंडळी बिलगून झोपलेली. त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. मागच्या तुकड्यावर अतिक्रमण विभागाची माणसं कापडं ओढत होती, बांबू उपटत होती, आणि पांघरुणं, भांडी, अर्ध्या विणलेल्या टोपल्या असं सगळं उचलून ट्रकमध्ये फेकत होती. बायामाणसं अंथरुणातून उठवलेली, तशीच गारठ्यात उभी. दादा एका दगडावर बसून श्वासासाठी झगडत होते. आणि अतिक्रमणवाल्या प्रत्येक माणसाच्या हातात कोरे करकरीत हातमोजे होते. ते हातमोजे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मावशी धावली. "अहो, हे नव्हे! झाडावरचे! झाडावरचे तंबू!"

त्यांचा मुकादम तिला ओळखत होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्याच सांगण्यावरून आलोय. सकाळी आत असतात, तेव्हा या. साहेबांनी शब्दन्‌शब्द सांगितलंय."

हे तो मोठ्यानं म्हणाला. दुष्टपणानं नाही, ट्रक चालू होता म्हणून. टोपलीवाली जवळच उभी होती, अंगावर नवऱ्याची गोधडी. तिनं आधी मुकादमाकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"तू सांगितलंस?"

"अगं, मी अळ्यांचं—"

"सगळी आत असताना या, असं तू सांगितलंस?"

 आणि सांगितलं होतंच ना मावशीनं! तेच, तसंच. टोपलीवाली वळली आणि नवऱ्याची पाठ चोळू लागली. मावशीच्या हातातली काठी निसटून माझ्या बादलीवर आपटली, तरी टोपलीवालीनं मागे पाहिलं नाही. ती सगळी माणसं दुपारच्या आत चालत निघून गेली, कुठं ते कुणी विचारलं नाही.

त्याच दिवशी मी मावशीला घेऊन साहेबांच्या कचेरीत गेले. मी म्हटलं, तुम्ही समजून उमजून केलंत. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी तंबूंचं विचारलं, बाईंनी तंबूंचंच सांगितलं. यात माझं काय चुकलं?"

"मी बाजूलाच होते. सगळं ऐकलंय मी."

"उत्तम! मग तुम्हीच सांगा, सकाळी जा असं त्या म्हणाल्या की नाही?"

"म्हणाली. पण—"

"मंडळी आत असतात असं म्हणाल्या?"

"हो, पण मंडळी म्हणजे—"

"मंडळी म्हणजे मंडळी," साहेब म्हणाले. "अळ्यांना मंडळी कोण म्हणतं, ताई?" आणि खरोखरच्या कुतूहलानं त्यांनी मावशीकडे पाहिलं.

मला विचाराल तर त्यांना सगळं कळलं होतं. हातमोज्यांपाशी जो माणूस थांबला त्याला कळलं नव्हतं असं मी मानणार नाही. माणसांना घालवायला त्यांना कागद लागला असता, मुदत द्यावी लागली असती, बोलणी खावी लागली असती. त्याऐवजी त्यांना एक जुनी, प्रामाणिक, ओढ्याकाठची माहीतगार बाई मिळाली. खापर फोडायला याहून चांगलं डोकं कुठलं? मावशी मात्र आजही म्हणते, "नसेलही कळलं गं त्यांना. नवे होते." तिचा हा चांगुलपणा मला सहन होत नाही.

पुढे तंबू हटवल्याबद्दल वसाहतीनं तिचा सत्कार केला. ती नको म्हणाली, तर साहेबांनी गाडी पाठवून तिला आणवलं. फुलांचा गुच्छ, टाळ्या, अध्यक्षांचं भाषण. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी अळ्यांबद्दल बोलले होते. माणसांबद्दल नाही." सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, बाई विनोदी आहेत. तंबूबाई हे नाव त्या दिवशी पडलं. गुच्छ हातात धरलेला तिचा फोटो नगरपालिकेच्या जिन्यात लागला, आणि नोकरी संपेपर्यंत तिला त्याच्यासमोरून रोज वर जावं लागलं.

आणि खऱ्या तंबूंचं काय झालं? काही नाही. झाडांकडे पाहायला कुणाला फुरसत होती? मोकळ्या तुकड्याला तारेचं कुंपण पडलं, तिथून झाडांकडे जायची वाटच बंद झाली. मावशीनंही काठीला हात लावला नाही. मंडळींनी ओढ्याकाठची रांग हिरवं पान न ठेवता खाऊन टाकली. पुरती वाढ झाली की ही अळी बदलते. जन्मभर भावंडांच्या धाग्यावरून चाललेली, ती अचानक तंबू सोडून एकटीच निघते आणि कोश करायला फट शोधते. भिंत, कुंपण, खिडकीची चौकट, जे सापडेल ते. तर ओढ्यावरच्या पुलावरून ही सगळी मंडळी वसाहतीत गेली. गॅलऱ्यांत, जिन्यांत, वाळत घातलेल्या कपड्यांत. पोरं किंचाळू लागली, अध्यक्षांच्या मानेवर चट्टे उठले.

साहेबांचा फोन आला. या वेळीही मी स्पीकरवर टाकला.

"बाई, अहो तंबू राहिलेच की!"

"कुठले, साहेब?" मावशी म्हणाली.

"अळ्यांचे हो! काय करायचं आता?"

"आता काही नाही. मंडळी पांगली. आता बसा एकेक शोधत." आणि तिनं स्वतः फोन बंद केला.

मला वाटलं होतं, ती हसेल. मी तर पोट धरून हसत होते. ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली. थोड्या आठवड्यांनी वसाहतीतल्या खिडक्याखिडक्यांतून तपकिरी पतंग निघाले, पंखावर दोन फिक्या रेघा असलेले. त्या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. तो जोडी जमवतो, मादी फांदीभोवती अंडी घालते, आणि संपलं. ती अंडी अंगठीसारखी फांदीला वेढून बसतात, वरून वॉर्निश दिल्यासारखी चकचकीत, आणि हिवाळाभर तशीच राहतात. मावशी दर हिवाळ्यात ती शोधून शोधून कापायची. त्या हिवाळ्यात तिनं झाडं सोडून जप्तीचं गोदाम धरलं.

सुट्टी मिळाली की ती गोदामात जाई आणि ट्रकमधून आणून ओतलेला ढीग उपसत बसे. गोदामवाला आधी खेकसला, मग त्यालाही दया आली. टोपल्या कुजल्या होत्या, पांघरुणांना बुरशी लागली होती. शेवटी एका फुटक्या पातेल्यात तिला ती आखूड सुरी सापडली, मुठीवर काळपटलेलं निळं कापड. तिनं घरी आणून तिचा गंज काढला, धार लावली आणि आपल्या कात्रीच्या तेलफडक्यात ती गुंडाळून ठेवली. कात्री उघडीच राहिली खिडकीत.

टोपलीवाली दुसऱ्या एका गावच्या बाजारात बसते असं एका भाजीवालीकडून कळलं. आम्ही बसनं गेलो. रस्ताभर मावशी काय बोलायचं ते घोकत होती, ओठ हलताना मला दिसत होते. बाजाराच्या टोकाला, भिंतीच्या आडोशाला टोपलीवाली बसली होती. हात तसेच भराभर चालत होते. शेजारी दादा नव्हते.

"टोपले," मावशी म्हणाली.

तिनं वर पाहिलं. हातातली काडी खाली ठेवली.

मावशीनं फडकं सोडून सुरी पुढे केली. टोपलीवालीनं ती घेतली, अंगठ्यावर धार पाहिली, मुठीवरच्या कापडावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले, आणि तिनं ते लपवले नाहीत.

"दादा कुठंत?" मावशीनं विचारलं.

"गेले. छाती धरली होती ना, ती सुटलीच नाही."

 मग घोकलेलं सगळं विसरून, अडखळत, रडत मावशीनं फोनचं सांगितलं, झाडावरच्या अळ्यांचं सांगितलं, हातमोजे खाजेसाठी सांगितले होते तेही सांगितलं. टोपलीवालीनं मधे न तोडता ऐकून घेतलं.

"कळलं होतं मला ते," ती शांतपणे म्हणाली. "चालताना सगळ्यांना मीच सांगितलं, तिनं अळ्यांचं सांगितलं असणार. राग नाही माझा. सुरीचे उपकार झाले, बाई. तुम्ही लांबून आलात, दमला असाल. बसा, तुमच्यासाठी चहा सांगते."

आम्ही चहा घेतला. ती मावशीशी छान बोलली. तुमची तब्येत कशी आहे, तुमची भाची किती मोठी झाली, तुम्ही सांभाळून जा. निघताना उठून उभीसुद्धा राहिली.

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "बघ, सगळं पटलं तिला. रागसुद्धा नाही."

"हो, पटलं," मावशी म्हणाली.

रिकामं तेलफडकं तिनं घडी घालून पिशवीत ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "'तुम्ही' म्हणाली गं ती मला."